व्हिडिओ खरा की खोटा ते नंतर. आधी ग्रुप बंद करा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून :

"सांगलीत आमची बहात्तर फ्लॅटची सोसायटी आहे आणि मी तिचा सचिव. पाण्याचा टँकर, लिफ्ट, मेंटेनन्स यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. आता त्यात १४० जण आहेत. गेल्या रविवारी रात्री पावणेदहाला आमच्या माजी अध्यक्षांनी, ज्यांना सगळेच काका म्हणतात, चाळीस सेकंदांची क्लिप टाकली. खाली मजकूर : 'काल रात्री आपल्याच शहरात मिरवणुकीवर दगडफेक, पोलीस बघत उभे, वाहिन्या गप्प.' दहा मिनिटांत वीसेक उत्तरं आली. एका मुलाने लिहिलं, 'उद्या सातला चौकात जमा.' तीन कुटुंबं ग्रुप सोडून गेली. का गेली ते सांगायला नको. मी साडेअकराला क्लिप डिलीट केली. आता काका म्हणतात, 'दुपारी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक चालतो आणि सत्य चालत नाही?' ॲडमिन म्हणून पोलीस मला धरतील का? ग्रुपवर राजकारणाला बंदी घालावी का? आणि असली क्लिप खरी की खोटी हे माझ्यासारख्याने ओळखायचं कसं? शिवाय फोनची मेमरी याच व्हिडिओंनी भरली आहे ते वेगळंच."

सचिवसाहेब,

क्लिप काढलीत ते बरोबरच केलंत. चुकलं ते पावणेदहा ते साडेअकरा या पावणेदोन तासांत. तेवढ्या वेळात ती तुमच्या ग्रुपमधून आणखी किती ग्रुपमध्ये गेली असेल याला हिशेब नाही, आणि त्या प्रती तुमच्या डिलीटने पुसल्या जात नाहीत. तुम्ही बहुधा क्लिप खरी आहे का, काका दुखावतील का, याचा विचार करत बसलात. अशा वेळी खरंखोटं ठरवणं हे ॲडमिनचं पहिलं काम नसतं. पहिलं काम वेग मोडण्याचं असतं.

पुढच्या वेळी क्रम असा ठेवा. आधी स्क्रीनशॉट घ्या : क्लिप, तिच्याखालचा मजकूर, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ एकाच चौकटीत दिसले पाहिजेत. चिथावणीच्या उत्तरांचेही वेगळे घ्या. हे डिलीट करण्याआधी, कारण नंतर तुमच्याकडे फक्त 'ॲडमिनने मेसेज डिलीट केला' एवढी ओळ उरते, आणि उद्या पोलिसांनी विचारलं तर दाखवायला काही नसतं. मग ग्रुपच्या नावावर बोट ठेवून ग्रुप इन्फो, त्यात ग्रुप परमिशन्स, आणि तिथलं 'सेंड न्यू मेसेजेस' बंद करा. आता फक्त ॲडमिन लिहू शकतात. हे सगळं अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्यानंतर क्लिपवर बोट दाबून धरा आणि 'डिलीट फॉर एव्हरीवन' निवडा. ॲडमिनला ही सोय २०२२ पासून दुसऱ्यांच्या मेसेजसाठीही आहे, पण तिला मुदत असते; दोन दिवसांच्या आत उरकलं म्हणजे झालं. आयफोनवाल्यांनी क्लिप फोटोंमध्ये सेव्ह करून घेतली असेल तर तिथली प्रत मात्र राहते.

मग एकच मेसेज टाका. साधारण असा : "रात्री ९.४५ ला आलेला व्हिडिओ काढला आहे. तो आपल्या शहरातला आहे असं अजून कुणी खात्रीने सांगितलेलं नाही. पोलीस ठाण्यात विचारलं आहे. सकाळी ८ पर्यंत ग्रुप फक्त ॲडमिनसाठी राहील. पाणी, लिफ्ट, आजारपण यासाठी मला थेट फोन करा." यात 'खोटा' हा शब्द मुद्दाम नाही. उद्या त्यातला निम्मा भाग खरा निघाला तर तुमच्या पुढच्या कुठल्याच खुलाशाला किंमत उरणार नाही. आणि 'असा व्हिडिओ फिरतोय, सावध राहा' म्हणून तीच क्लिप पुन्हा जोडू नका. हा प्रकार फार होतो. सावध करणाराच पुढचा वाहक ठरतो.

'उद्या सातला चौकात जमा' हा मेसेज क्लिपपेक्षा गंभीर होता, आणि तुमच्या पत्रात तो एका ओळीत आटोपला आहे. वेळ आणि ठिकाण आलं की तो विषय मतभेदाचा राहत नाही. त्या मुलाला लगेच फोन करायचा, ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही. बहुतेक पोरं चार लोकांसमोर मागे हटत नाहीत, पण फोनवर मोठ्या माणसाने नावाने हाक मारली की मेसेज मागे घेतात. घेतला नाही, किंवा दुसऱ्या ग्रुपवरही तीच हाक दिसली, तर ठाण्याला किंवा ११२ ला कळवा. यात चुगलखोरी काही नाही.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर आपल्याच राज्यातला राईनपाडा आठवा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात १ जुलै २०१८ ला, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. त्या काळात देशभर फिरणाऱ्या मुलं पळवण्याच्या क्लिपांपैकी सगळ्यात गाजलेली क्लिप कराचीतल्या एका संस्थेच्या जनजागृतीच्या जाहिरातीतून कापलेली होती. मूळ जाहिरातीत मोटारसायकलवाला मूल परत आणून सोडतो आणि संदेशाचा फलक दाखवतो. तो शेवटच कुणीतरी छाटला होता. म्हणजे दृश्य खरंच चित्रित झालेलं, आणि त्याचा अर्थ साफ उलटा. राईनपाड्यानंतर दोन दिवसांनी केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला खडसावलं आणि त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी फक्त पाच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. जवळचं उदाहरण हवं असेल तर जून २०२३ चं कोल्हापूर आहे : व्हॉट्सॲप स्टेटसवरून वाद, मग बंद, दगडफेक, आणि शेवटी इंटरनेट बंद. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये साताऱ्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून जमाव उठला आणि एका तरुणाचा जीव गेला. मिरजेने तर २००९ च्या गणपतीत कमानीवरच्या चित्रावरून दंगल पाहिली आहे, तीही लोकांच्या हातात व्हॉट्सॲप नसताना. त्यामुळे दोष एकट्या फोनचा नाही. पण तेव्हा अफवेला गल्ली ओलांडायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात ती आता जिल्हा ओलांडते.

आता क्लिप तपासण्याबद्दल. यासाठी संगणकतज्ज्ञ असावं लागत नाही, थोडा धीर लागतो.

आधी क्लिपच्या वरची खूण पाहा. दोन बाण आणि 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' असेल तर ती किमान पाच टप्पे ओलांडून तुमच्यापर्यंत आली आहे. म्हणजे ती सोसायटीतल्या कुणी किंवा त्यांच्या मेव्हण्याने काढलेली नाही, पाठवणारा काहीही म्हणो. अशी क्लिप एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येते. पण खूण नाही म्हणून क्लिप मूळची, असंही नाही. कुणी ती डाउनलोड करून नव्याने टाकली की बाण गायब होतात, आणि मुद्दाम पसरवणाऱ्यांना ही युक्ती चांगली ठाऊक असते.

मग मजकुरातून तारीख, जागा आणि नाव शोधा. तुमच्या क्लिपखाली होतं 'काल रात्री, आपल्याच शहरात'. हा मजकूर लातूरला वाचा, मालेगावला वाचा, तीन महिन्यांनी वाचा, तेवढाच ताजा वाटतो. खरा प्रत्यक्षदर्शी चौकाचं नाव लिहितो, दुकानाचं नाव लिहितो, बहुधा चुकीच्या शुद्धलेखनात. 'वाहिन्या दाखवणार नाहीत' हे वाक्य दिसलं की जास्तच थांबा, कारण बातमी कुठेच का नाही या तुमच्या नैसर्गिक शंकेवर ते आधीच टाकलेलं झाकण असतं.

यानंतर क्लिप आवाज बंद करून पाहा, आणि मग डोळे मिटून फक्त ऐका. घोषणा खऱ्या असतील तर कॅमेरा वळला, भिंतीआड गेला, माणूस धावला की आवाज कमीजास्त होतो, वारा घुसतो, जवळचं कुणीतरी मध्येच ओरडतं. कॅमेरा गरगर फिरतोय आणि घोषणा मात्र एकाच पट्टीत चालल्या आहेत, असं असेल तर आवाज वरून चिकटवलेला असण्याची शक्यता मोठी. दृश्य जुनं आणि आवाज दुसरीकडचा, ही जोडणी कुठल्याही फुकटच्या ॲपवर पाच मिनिटांत होते.

दृश्यात पाट्या, गाड्यांचे नंबर, पोलिसांचे गणवेश आणि लोकांचे कपडे पाहा. सांगलीची गाडी एमएच १०, कोल्हापूरची ०९, साताऱ्याची ११, सोलापूरची १३. एखाद-दुसऱ्या गाडीवरून निष्कर्ष काढू नका, सांगलीत केए नंबरच्या गाड्या रोज येतात. पण दिसणाऱ्या पाचही गाड्या परराज्यातल्या आणि पाट्या भलत्याच लिपीत असतील तर प्रश्न मिटला. पांढऱ्या गणवेशातले पोलीस दिसले तर ते कोलकात्याचे असू शकतात. नंबरप्लेटच बंगाली लिपीत असेल तर बांगलादेश. तिथल्या क्लिपा भारतातल्या म्हणून सर्रास फिरतात. अक्षरं उलटी दिसत असतील तर क्लिप आरशासारखी फिरवलेली आहे, बहुधा शोध चुकवण्यासाठी. स्क्रीनशॉट गॅलरीत 'फ्लिप' करून मग शोधा.

शोधायचं असं. क्लिप थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट घ्या : एक रुंद दृश्य, एक पाटी किंवा इमारत, एक गणवेश किंवा वाहन. वरचा लाल-पिवळा मजकूर कापून टाका, नाहीतर शोध त्या मजकुरामागेच धावतो. एकेक चित्र गूगल लेन्सला, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगलच्या सोयीला, द्या. तीच चौकट एखाद्या जुन्या बातमीत सापडली की काम झालं. तिचा दुवा जपून ठेवा, काकांशी बोलताना लागेल. काहीच सापडलं नाही तर क्लिप नवी आहे असं सिद्ध होत नाही, फक्त शोध लागला नाही एवढंच. दृश्यातल्या माणसांची बोटं मोजून एआयने बनवलेली क्लिप ओळखायचा सल्ला आता जुना झाला. एआय ओळखून देतो म्हणणाऱ्या संकेतस्थळांवरही फार विसंबू नका; व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप दाबून-दाबून इतकी लहान झालेली असते की त्यांचे अंदाज डळमळतात. आणि खरं सांगायचं तर गल्लीतली भांडणं पेटवणाऱ्या क्लिपा बहुतेक वेळा एआयने बनवलेल्या नसतातच. त्या कुठल्यातरी खऱ्या, जुन्या घटनेच्या असतात, फक्त गाव आणि तारीख बदललेली.

'वाहिनीवर दाखवलं' हा पुरावा कधी धरायचा? वाहिनीच्या बातमीदाराने जागेवर उभं राहून सांगितलं असेल तेव्हा. 'व्हायरल व्हिडिओ' म्हणून लूपवर फिरवला आणि खाली बारीक अक्षरांत 'या व्हिडिओची पुष्टी आम्ही करत नाही' असं लिहिलं असेल, तर त्यांनीही तुमच्या काकांसारखा फॉरवर्डच केला आहे, फक्त मोठ्या पडद्यावर. वाहिनीच्या बोधचिन्हासह फिरणाऱ्या ब्रेकिंग पट्ट्याही कुणीही बनवतं. ती बातमी त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का ते बघा.

पण क्लिप तुमच्याच शहराची असल्याचा दावा असेल तर या सगळ्याआधी एक फोन करा. त्या भागातल्या औषधाच्या दुकानात, चहावाल्याला, ठाण्याच्या नंबरवर. 'काल तुमच्याकडे काही झालं का हो?' दोन मिनिटांत कळतं. असा फोन करायचं कुणालाच सुचत नाही, याचं मात्र नवल वाटतं.

पोलीस धरतील का, याचं उत्तर. केवळ ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या पोस्टसाठी तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ च्या निकालात हे सांगितलं आहे : ॲडमिन सदस्याला घेऊ किंवा काढू शकतो, पोस्ट पडण्याआधी तिला चाळणी लावू शकत नाही, त्याचा समान हेतू किंवा आधीचा कट दिसला तरच जबाबदारी येते. पण तो निकाल आला तेव्हा ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढता येत नव्हता. आता येतो. म्हणून 'दिसत असूनही दोन दिवस का ठेवलात' हा प्रश्न उद्या विचारला जाऊ शकतो, असं मी धरून चालेन. शिवाय तणावाच्या काळात जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ खाली, आदेश काढतात. त्यात समाजमाध्यमांबद्दल काही असेल तर ते शब्दशः पाळा.

पाठवणाऱ्याचं मात्र तसं नाही. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हा बचाव लंगडा आहे. अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फॉरवर्ड करणाऱ्याला त्या मजकुराची जबाबदारी घ्यावीच लागेल असं म्हटलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ (गटागटांत वैर वाढवणं) आणि ३५३ (अफवा, भीती पसरवणारी विधानं) इथे लागू शकतात. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कलम ३५३ मध्ये एक अपवाद आहे : मजकूर खरा मानायला वाजवी कारण होतं आणि वाईट हेतू नव्हता, तर तो गुन्हा होत नाही. काकांना हे धमकी म्हणून सांगू नका, माहिती म्हणून सांगा. तक्रार करायची वेळ आलीच तर क्लिप पोलिसांना फॉरवर्ड करून भागत नाही. ज्या फोनवर ती आली तो फोन, स्क्रीनशॉट आणि 'एक्स्पोर्ट चॅट'ची फाइल हे सगळं जपून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं; त्याचा नमुना वकील देतील.

आता काका. त्यांच्या आरोपात तथ्य आहे, हे आधी मान्य करा. दुपारी नगरसेवकाचा फलक राहिला आणि रात्री क्लिप गेली, तर बघणाऱ्याला तुम्ही बाजू घेतली असंच दिसणार. सर्वांना एक नियम लावण्याआधी तो फलक काढा.

मग काकांच्या घरी जा, तेही एकटे. 'तुम्ही खोटं पसरवलं' असं सुरू केलंत तर ते पुढचा तासभर क्लिप खरी कशी आहे हेच सांगतील. त्याऐवजी विचारा, 'काका, ही तुम्हाला कुठून आली?' उत्तर बहुतेक वेळा 'आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर' असं येतं, आणि तिथे कुणी टाकली ते त्यांनाही माहीत नसतं. हे त्यांच्याच तोंडून आलं की पुढचं सोपं. क्लिप जुनी असल्याचा दुवा सापडला असेल तर तो त्यांच्या फोनवर उघडून त्यांनाच वाचू द्या. आणि एक विनंती करा : दुरुस्ती त्यांनी स्वतः लिहावी. 'मी रविवारी टाकलेला व्हिडिओ आपल्या शहरातला नाही असं कळलं' एवढंच पुरे, माफीबिफी नको. सचिवाच्या दहा खुलाशांपेक्षा माजी अध्यक्षांची ती एक ओळ लोक जास्त मानतील. त्यांचं मत कुणाला, राग कुणावर, या वादात शिरू नका. तो त्यांचा हक्क आहे, आणि तुम्ही गेलात ते त्यासाठी नाही.

राजकारणाला सरसकट बंदी मी सुचवणार नाही. रस्ता खोदून ठेवलाय, पाणी चार दिवसांनी येतंय, हेही राजकारणच आहे, आणि सोसायटी त्यावर बोलणारच. सरसकट बंदीचा दुसरा तोटा म्हणजे ती ॲडमिनच्या सोयीनेच लागू होते. त्यापेक्षा ग्रुप दोन करा. पहिला 'सूचना', ज्यात फक्त ॲडमिन लिहितील आणि सगळे रहिवासी असतील. दुसरा 'गप्पा', ज्याला यायचं तो येईल. गप्पांच्या ग्रुपवर मत चालेल : 'अमक्या पक्षाने शहराची वाट लावली' हे राहू द्या. घटनेचा दावा असेल तर तारीख, जागा आणि बातमीचा दुवा हवा, नसेल तर काढला जाईल. कुणाला मारा, जाळा, हाकला, बहिष्कार टाका असं असेल तर लगेच काढायचं आणि सदस्यालाही बाहेर ठेवायचं. फलक, वाढदिवस, प्रचारपत्रकं कुठल्याच पक्षाची नकोत. हे कमिटीच्या बैठकीत मंजूर करून इतिवृत्तात लिहून घ्या, म्हणजे उद्या काढलेल्या मेसेजचं उत्तर एकट्या सचिवाला द्यावं लागणार नाही. वेगवेगळ्या विचारांचे तीन ॲडमिन ठेवा. निदान एकजण रात्री उशिरापर्यंत जागणारा असू द्या. अशा क्लिपा जेवणानंतरच येतात.

मेमरीचं काम पाच मिनिटांचं. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज इथे 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' असा वेगळा कप्पा असतो; तो उघडून सगळं निवडा आणि उडवा, फक्त रविवारचे पुरावे आधी दुसरीकडे ठेवा. मग एक पायरी मागे, 'स्टोरेज अँड डेटा'च्या पानावर, 'मीडिया ऑटो-डाउनलोड'मध्ये मोबाइल डेटा आणि वाय-फाय दोन्हींखालचे व्हिडिओ बंद करा. ग्रुप इन्फोमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' नकारावर ठेवली की क्लिपा गॅलरीत येणं थांबतं. नातवंडांच्या हातात फोन जात असेल तर हे आजच करा.

आणि ती तीन कुटुंबं. ग्रुप इन्फोमध्ये सदस्यांच्या यादीखाली सोडून गेलेल्यांची नावं साठ दिवस दिसतात. त्यांना परस्पर पुन्हा ग्रुपमध्ये घेऊ नका. आधी घरी जा, रविवारी काय झालं आणि तुम्ही आता काय बदललंय ते सांगा, चौकात जमण्याच्या मेसेजचं पुढे काय केलंत तेही सांगा. 'सूचना' ग्रुपचा दुवा देऊन या; टँकरची वेळ त्यांनाही कळायला हवी. 'गप्पा'त यायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील.